'वय झालंय' म्हणू नकोस

चि. राणी,

तुझं पत्र आणि सोबतचा तुमच्या वृद्धाश्रमाचा प्रवेशाचा फॉर्म मिळाला. फॉर्मचं नंतर बघू. आधी तुझ्या त्या वाक्याबद्दल लिहिते, कारण ते वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. खालच्या खोलीतले आजोबा पहाटे संडासला जाताना पडले, हाड मोडलं नाही हे नशीब, आणि लगेच पुढे तू लिहितेस, "वय झालंय गं आत्या, आता हे चालायचंच." राणी, हे तू लिहावंस? अप्पांच्या वेळी डॉक्टरांच्या तोंडून हेच ऐकून दवाखान्याच्या जिन्यात रडत बसलेली मुलगी तूच ना?

वय काही एका रात्रीत होत नाही. काल नीट चालणारा माणूस आज पडला, तर मधे काहीतरी घडलेलं असतं आणि ते शोधावं लागतं. तू त्यांच्या औषधांची यादी पाठवलीस म्हणून बरं झालं. त्यात लघवीची गोळी रात्री आठ वाजता लिहिली आहे. ती घेतलेला माणूस रात्रीतून तीनदा उठणारच. जोडीला प्रोस्टेटची गोळी आहे, तिनं उभं राहिल्यावर बी.पी. उतरू शकतं. त्यावर झोपेची गोळीही चालू आहे. तुमच्याकडे बी.पी. रोज सकाळी घेतात, पण खुर्चीत बसवून. आधी आडवं असताना घे, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घे. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर चक्कर कुठून आली ते कळेल. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस. यादी डॉक्टरांपुढे ठेव आणि स्पष्ट विचार, लघवीची गोळी सकाळी दिली तर चालेल का? आणि आजोबांच्या पायात त्या वेळी काय होतं, दिवा कुठे होता, व्हरांडा ओला होता का, हेही बघ. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही.

आता फॉर्म. नाव, वय, आजार, औषधं, ॲलर्जी, विमा, मुलांचे फोन. तू विचारलंस, आणखी कुठला रकाना घालू? एक अख्खं कोरं पान घाल आणि वर लिही, 'यांचं रोजचं कसं असतं'. स्वतःच्या हातानं जेवतात का, किती जेवतात, खुर्चीतून हात न टेकता उठतात का, रात्री किती वेळा उठतात, कुठल्या कानानं बरं ऐकू येतं, कवळी बसते का, दिवसभरात कुणाशी बोलतात. हे पान पहिल्या दिवशी भरता येणार नाही, आठवडाभर बघावं लागेल. पहिल्या दिवशी तर मुलगाच सगळी उत्तरं देतो आणि आई शेजारी पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलेली असते. मुलाला चहाला पाठव आणि तिला विचार. रोजचं कसं असतं तेच लिहिलेलं नसेल, तर उद्या बिघडलं हे कळणार कशावरून?

चालण्याची एक साधी परीक्षा आहे, १९९१ पासून जगभर वापरतात. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर तो माणूस पडू शकतो असं धरून चालायचं. फरशीवर खडूनं रेघ मारलीस तरी पुरे. वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर. ५० किलोची बाई महिन्यात अडीच किलोनं उतरली, तर ती बाब डॉक्टरांकडे गेलीच पाहिजे. जेवण टाकणाऱ्या आजींबद्दल तू लिहिलंस, 'हट्टी आहेत'. त्यांचं तोंड उघडून बघितलंस का? वजन उतरलं की कवळी सैल होते, हिरडीला घासते, आणि भाकरी चावताना डोळ्यांत पाणी येतं. लाजेनं सांगत नाहीत गं ही माणसं.

आमच्या हॉस्पिटलातल्या मेट्रन बाई नेहमी डॉ. मार्जोरी वॉरन यांची गोष्ट सांगायच्या. लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली या वॉरनबाईंच्या ताब्यात शेजारच्या जुन्या वर्कहाऊसचे, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहाचे, सातशेच्या वर रुग्ण आले. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले, 'असाध्य' म्हणून सोडून दिलेले. बाईंनी एकेकाला तपासलं, त्याला काय येतं नि काय येत नाही याची नोंद केली, खाटेवरून उठवलं, चालवलं. कितीतरी जण घरी गेले. वृद्धांच्या वैद्यकाची सुरुवात तिथली मानतात. नवं औषध काही सापडलं नव्हतं, बाईंनी नीट बघितलं होतं एवढंच.

आणि हे बघायचं काम तुमच्याकडे कोण करतं? आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर नव्हे. अंघोळ घालणाऱ्या, वेणी घालणाऱ्या मावशी. आसपासच्या वाड्यांतून येतात त्या. सासू-सासऱ्यांचं सगळं केलेलं असतं, हाताला आणि नजरेला सवय असते. "आज आजी वेगळ्याच वागतायत" असं मावशी म्हणाली, की हातातलं काम टाकून ऊठ. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर कित्येकदा ताप येतच नाही. नुसता गोंधळ होतो, रात्री कपडे बांधून "घरी जाते" म्हणतात, आणि आपण म्हणतो डोकं फिरलं. दोन दिवसांत आलेला गोंधळ म्हणजे तातडीचं दुखणं. ड्यूटी बदलताना मावशीला बोलू दे. लिहिता येत नसेल तर तू लिहून घे, तिच्याच शब्दांत.

डायपरबद्दल मात्र मला रागच आला. चालत जाऊ शकणाऱ्या बाईला "रात्री मदतीला कुणी नसतं" म्हणून डायपर लावायचा? महिन्यात तिचं चालणं जाईल, मग पाठीला बेडसोर, मग दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस लागेलच की. संक्रांतीला आपण 'निवारा' वृद्धाश्रमात जायचो तेव्हाच्या त्या नऊवारीतल्या आजी आठवतात? नेसायला केवढा वेळ लागायचा, पण कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. जे येतं ते आपण काढून घ्यायचं नाही, राणी. भरवणं सोपं असतं. घास उचलेपर्यंत शेजारी बसून राहणं जास्त अवघड, आणि तुमच्या कामाचा खरा भाग तोच आहे.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय, तिथल्या वैद्यकीय सेवेचे निकष राज्यानं ठरवावेत असंही आहे. असू देत. संडासच्या वाटेवर दिवा आहे की नाही हे बघायला मंत्रालयातून कुणी यायचं नाही.

मला खरी धास्ती पावसाळ्याची आहे. मुळशीचा पाऊस तुला सांगायला नको. ताम्हिणीकडून एकदा लागला की फरशीला ओल धरते, शेवाळ धरतं, कपडे वाळत नाहीत, वीज जाते. पौडचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे हा आधार, पण पुण्यात न्यायची वेळ आली तर पिरंगुटचा घाट आणि चांदणी चौकाची गर्दी आहेच. म्हणून जे दुखणं दुपारी दिसतं, ते रात्रीवर टाकू नकोस. प्रत्येकाच्या औषधांची आणि आजारांची एक चिठ्ठी दाराजवळच्या खुंटीला पिशवीत अडकवून ठेव. गाडी आली की शोधाशोध नको. बाथरूमला दांडे बसवून घे, मिस्त्री मिळत नसेल तर इथून पाठवते.

रागावले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तू हे काम पत्करलंस याचं मला किती वाटतं ते तुला माहीत आहे. पण रात्री मावशी एकटीच असते का, आणि एकटीच असेल तर तिच्याकडे किती जण असतात, हे पत्रात कुठेच नाही. ते फोनवर नको, लिहूनच कळव. आजोबांचं आडव्याचं आणि उभ्याचं बी.पी. पण.

तुझी,
आत्या