पानवेलीचं देणं

विड्याच्या पानाच्या तेलावरचे माझे तक्ते दोन माणसांच्या आधारावर उभे आहेत. एक मिरज तालुक्यातले पानमळेवाले आबा आणि दुसऱ्या माझ्या मार्गदर्शक बाई. दोघांची कधी गाठ पडली नाही. तरी दोघांनी मला एकच शिस्त लावली: ओळख पटल्याखेरीज नाव घ्यायचं नाही.

मिरी, पिंपळी, कंकोळ आणि विड्याचं पान ही एकाच गणातली भावंडं. मिरीचा तिखटपणा पायपरीनमुळे असतो, आणि तो पदार्थ हान्स ख्रिश्चन अर्स्टेड यांनी 1819 मध्ये वेगळा केला. पण भरड मिरी पाण्यात उकळून वाफेबरोबर तेल काढलं, तर त्यात तिखटपणा उतरत नाही. पायपरीन भांड्यातच राहतं. तेलात येतात ते सॅबिनीन, पायनीन, लिमोनीन, कॅरिओफायलीन असे उडून जाणारे घटक. म्हणजे जिभेची मिरी वेगळी आणि नाकाची वेगळी. हे मी पुस्तकात वाचलं होतं. नाकावर विसंबायला मात्र आबांनी शिकवलं.

आबांचा मळा कपुरीचा. नमुने घ्यायला गेले की ते मला आधी वेलींमधून हिंडवत. कोवळं पान, तयार पान, जुनं पान असं एकेक खुडून माझ्या हातात देत आणि चुरायला लावत. "आधी नाकाला इचार पोरी, मग मला इचार," म्हणत. बाजारातून आणलेली बांगला आणि मिठा पानंही मी त्यांच्यापुढे ठेवली. पानाकडे न पाहता, नुसत्या वासावर त्यांनी ती वेगळी केली. बांगलात त्यांना लवंग लागली, मिठ्यात बडीशेप.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी 1989 मध्ये दाखवून दिलं होतं की तेलातल्या घटकांवरून पानाचे वाण ओळखता येतात. बांगलात युजेनॉल ठळक, मिठ्यात ॲनेथोल, कपुरीत टर्पिनिल ॲसिटेट. युजेनॉल हाच लवंगेचा मुख्य गंध आणि ॲनेथोल बडीशेपेचा. आबांनी यातलं एकही नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्यांचा निवाडा तोच होता.

बाईंची शिस्त प्रयोगशाळेतली. गॅस क्रोमॅटोग्राफमधून तेलाचे घटक एकामागून एक बाहेर पडतात, वस्तुमान वर्णपटमापक प्रत्येकाचे तुकडे मोजतो आणि संगणक साठवलेल्या नोंदींशी ताडून नाव सुचवतो. विड्याच्या पानात नेमकी इथंच पंचाईत होते. युजेनॉल आणि चॅव्हिबेटॉल या दोन्हींचं रेणुवस्तुमान 164. हायड्रॉक्सी आणि मेथॉक्सी या गटांच्या जागांची तेवढी अदलाबदल. त्यांचे वर्णपटही जवळजवळ सारखे. म्हणून बाई आम्हाला दरवेळी सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण त्याच नळीतून सोडायला लावत आणि त्यांच्या वेळांवरून प्रत्येक घटकाचा धारणांक काढायला लावत. कोव्हाट्स यांनी 1958 मध्ये मांडलेली ही रीत. "अगं, यंत्र फक्त सुचवतं. दोन साक्षी जुळल्या तरच लिही," असं त्या सांगत.

या दोघांची शिकवण एकत्र कुठे येते, ते मला आबांच्या मळ्यात लागणीच्या वेळी कळलं. पानवेल बियांपासून लावत नाहीत. चांगल्या वेलीचे फाटे निवडायचे, तेच बेणं म्हणून लावायचं. आबांची कपुरी म्हणजे त्यांच्या वडिलांनी राखलेल्या वेलीचाच अंश, आणि ती त्याआधीच्या कुणाच्या तरी. बी आलं असतं तर प्रत्येक रोप थोडं वेगळं निघालं असतं. बेण्यामुळे एका वाणाचा मूळ पिंड टिकून राहिला आणि त्याचबरोबर तेलाची घडणही. हवा, ऋतू आणि पानाचं वय यांनी टक्के खालीवर होतात, पण वाणाची खूण पुसत नाही. आमच्या शास्त्राला वाण ओळखता येतो, तो पिढ्यान्पिढ्या कुणीतरी नाकाने पारखून बेणं राखलं म्हणून.

हे ऋण फेडण्याचा मार्ग मला एकच सुचला. माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत तेलाच्या टक्क्यांआधी चार रकाने असतात: वाण, पानाचं वय, खुडल्याची तारीख आणि बेणं कुणाकडून आलं. चौथा रकाना रिकामा असेल तर तो नमुना मी यंत्राकडे जाऊ देत नाही. विद्यार्थी मळेवाल्याला विचारायला परत जातात. तिथं त्यांना पान चुरायला शिकवणारं कुणीतरी भेटतंच.