वळायचं कुठं

सरडा कुंपणापर्यंतच धावतो, हे पहिल्यांदा कोणी पाहिलं असेल? कोणीतरी पाहिलं असणारच. हाताला काम नसलेला एखादा माणूस धुऱ्यावर बसला असेल, समोरून सरडा सुसाट गेला असेल, कुंपण आलं तसा थांबला असेल. एवढ्यावर त्या माणसानं सरड्याची लायकी ठरवून टाकली आणि आपण ती म्हण दिसेल त्याला लावत आलो. ज्याची ओळख तलाठ्यापलीकडे जात नाही त्याला लावतो, धाकट्या भावाच्या धंद्याला लावतो, नागपूरला शिकायला गेलेला पोरगा पुन्हा गावात दिसू लागला की त्याला लावतो. रोज पहाटे रस्त्यानं पळत जाऊन त्याच रस्त्यानं परत येणाऱ्या माणसाला ती लावणं तर फारच सोपं.

मला ती नीट बसत नाही असं आपलं मला वाटतं. का बसत नाही ते मात्र सांगता येत नाही.

आमच्या अर्जुनी-मोरगावकडच्या प्रतापगडाचा डोंगर पाठीशी टाकला, जंगलाचे पट्टे सोडले, की पुढचा मुलूख सपाट आहे. बांधीला लागून बांधी, मध्येच एखादी बोडी, तलावाची पार, मोहाचं झाड, एक गाव, पुन्हा बांध्या. गाढवी नदीवर गोठणगावजवळ इटियाडोहचं धरण झालं आणि तिचं पाणी नहरांतून खालच्या गावांच्या धानाला जाऊ लागलं. त्या नहराची पाळ म्हणजे धावायला इथली सगळ्यांत चांगली वाट. पाणी सुटलेलं असलं तर सोबतही होते. दुसरी वाट गाडीरस्त्याची, ती धान निघाल्यावरच खुली होते. तेव्हा बांध्यांतून लाखोळीला निळी फुलं आलेली असतात. पावसाळ्यात तिथं बैलसुद्धा जपून पाय टाकतो. तिसरा डांबरी रस्ता, तो बारमाही आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

डोंगरात धावणाऱ्याला वळायचं कुठं हा प्रश्न पडत नसावा. चढ संपतो, नाहीतर दम संपतो. इथं यातलं काहीच लवकर संपत नाही. पुढचं गाव दिसत असतं, ते आलं की त्याच्या पुढचं दिसू लागतं. शेवटी कुठंतरी वळायचं म्हणून वळावं लागतं आणि ती जागा का निवडली याचं कारण मागाहून शोधावं लागतं. कधी मी मोरीपाशी वळतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाआधीच वळतो, कारण झाडाखाली बायका, म्हातारे, पोरं अंधारातच टोपल्या घेऊन फुलं वेचायला बसलेले असतात. वर्षाच्या मीठमिरचीची सोय वाकून वेचणाऱ्या माणसांसमोरून, अंगातली चरबी झडावी म्हणून पळत जाणं बरं दिसत नाही. बरं न दिसणं हे वळायला पुरेसं कारण आहे का? असेलही.

भरतीच्या पोरापोरींना हा घोळ नसतो. पहाटेच्या डांबरी रस्त्यावर खरी गर्दी त्यांचीच. रस्त्यावर त्यांनी चुन्यानं रेघा मारलेल्या असतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, आणि त्या एका धावेला मैदानी चाचणीच्या 50 पैकी 20 गुण. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना 5 किलोमीटर, मुलींना 3. म्हणजे त्यांनी कुठं वळायचं हे मुंबईत ठरलेलं असतं आणि इथं बांधीच्या कडेला चुन्यानं उमटतं. त्यांच्यातली एखादी मागून येते, ‘काका, बाजूनं’ म्हणते आणि मी वळायचा विचार पुरा करायच्या आत वळून समोरून परतही येते. त्यांच्या धावेला कोणी म्हण लावत नाही. त्यांच्या रेघेच्या पलीकडे नोकरी आहे, हे सगळ्या गावाला दिसतं.

माझ्या रेघेपलीकडे काय आहे, हे लोक विचारतात. ‘कोठवर जाता जी?’ मी पुढच्या गावाचं नाव सांगतो. ‘काम होतं का?’ नाही म्हटलं की विचारणारा थोडा वेळ माझ्याकडे बघतो आणि मग आभाळाकडे.

या सगळ्यात मी सरड्यांकडे बघायला लागलो. नहराच्या कडेनं बेशरमाची झुडपं माजलेली असतात, काही ठिकाणी लोकांनी त्यांचीच कुंपणं केली आहेत. त्या कुंपणांवर सरडे चिक्कार. आणि बघता बघता म्हणीची बाजू लंगडी वाटू लागली. सरडा कुंपणापाशी थांबतो, कारण तो राहतो तिथंच. किडे तिथं मिळतात, ऊन तिथं मिळतं, वरून घार आली तर आत शिरायला जागा तिथं असते. उघड्या जमिनीवर तो जेवढा वेळ असतो तेवढा वेळ जिवावर उदार असतो. म्हणजे म्हणीतली धाव ही घरी परतण्याची धाव. कोणी जीव मुठीत धरून घरी पळत सुटला, तर त्याची पोच मोजत बसावी का?

उन्हाळा सरत आला की नराचं डोकं आणि गळा लाल होतो आणि तो कुंपणाच्या शेंड्यावर बसून जोर काढल्यासारखा वरखाली होत राहतो. दुसऱ्या नरानं इकडे फिरकू नये म्हणून. म्हणजे त्याच्या लेखी कुंपण ही हद्द नव्हे, मालमत्ता आहे. मादीची गोष्ट आणखी वेगळी. अंडी घालायची वेळ आली की ती कुंपण सोडून खाली उतरते, मऊ माती बघून खड्डा करते, दहा-वीस अंडी घालते, माती सारून खड्डा बुजवते आणि निघून जाते. तिची महत्त्वाची धाव कुंपणापासून सुरू होते. धुऱ्यावर बसलेल्या त्या माणसानं बहुधा नरच पाहिला. किंवा मादी पाहिली, पण ती परत येताना.

आणि मुळात इथं कुंपणं आहेत कुठं? धानाच्या बांधीला धुरा असतो, तो पाणी अडवायला. माणूस त्याच्यावरून चालतच जातो. कुंपण असतं ते भाजीपाल्याला, केशोरीकडच्या मिरचीला, आणि जंगलाच्या बाजूला रानडुकरांसाठी. त्यातही जे तारेत वीज सोडतात, त्यांच्यापायी डुकरं मरतात, वाघ मरतात आणि कधी शेताचा मालकही मरतो. तिथून अंधारात मी रस्ता सोडून जात नाही. पण बरेच जण बांधतात जुन्या साड्या. बांबूला बांबू, त्यांच्यामध्ये साडी, अशा ओळीनं दहा-बारा साड्या. वाऱ्यानं त्या फडफडल्या की डुकराला माणूस असल्याचा भास होतो म्हणे. डुकराला होतो की नाही कोण जाणे, मला होतो. कोणाच्या लग्नातला शालू असेल, कोणाला भाऊबीजेला आलेली असेल. रंग उडाले तरी काठ ओळखू येतात. घरातली बाई आत झोपलेली असते आणि तिचं कापड रात्रभर शेतावर उभं असतं.

असंच वाऱ्यावरचं कापड गोठणगावच्या बाजूला तिबेटी वसाहतीतही दिसतं. नोर्ग्येलिंग तिचं नाव, 1972 सालची. तिथल्या पताकांवर मंत्र छापलेले असतात, आणि वारा ते मंत्र चारी दिशांना नेतो अशी श्रद्धा. एका कापडानं कोणी आत येऊ नये, दुसऱ्यानं काहीतरी बाहेर जावं. वारा दोन्हींत तोच. 1959 नंतर हिमालय उतरून आलेली माणसं इथं धानाच्या मुलखात स्थिरावली, मका-धान पेरू लागली, थंडी आली की स्वेटर विकायला देशभर पांगू लागली. अर्जुनी-मोरगावजवळ अरुणनगर, गौरनगर या वस्त्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं आहेत. एका तालुक्यात इतकी कुंपणं ओलांडून आलेली माणसं, आणि त्यांच्या शेजारी बसून आपण सरड्याला नावं ठेवतो. ती आली ती धाव होती की पळ, आणि इथं थांबली ते पोचली म्हणून की पुढं जाता आलं नाही म्हणून? त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. झालं तरी कोणत्या भाषेत विचारणार?

बौद्ध तिबेटी माणसं गोंपाभोवती, म्हणजे मठाभोवती, उजवीकडून फेऱ्या घालतात. हातात माळ, ओठ हलत असतात, चाल सावकाश. त्या वाटेवर वळायचं कुठं हा प्रश्नच नाही, कारण सगळी वाटच वळण आहे. हे लक्षात आल्यावर मला काही दिवस फार हुशार झाल्यासारखं वाटलं. मीही वाट गोल केली: नहराच्या पाळीनं जायचं, गाडीरस्त्यानं पलीकडच्या गावात शिरायचं, डांबरी रस्त्यानं घरी यायचं. मोरी नको, मोह नको, आणि मोहाखालच्या माणसांनाही त्रास नको. महाशिवरात्रीच्या दिवसांत प्रतापगडच्या यात्रेची गर्दी असते, डांबरी रस्ता माणसांनी भरून जातो. महादेवाला जाणारे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींच्या दर्ग्यावर जाणारे, एकाच दिशेनं. ते दिवस सोडले तर वाट उत्तम जमली.

फक्त ती कोणाला सांगता येत नाही. पूर्वी गावाचं नाव तरी होतं सांगायला. परवा नहरावर एकानं नेहमीसारखं विचारलं, ‘कोठवर जाता जी?’ म्हटलं, घरापर्यंत. त्यानं माझ्या घराच्या दिशेकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाच्या दिशेकडे पाहिलं. दोन्ही नेमक्या उलट्या होत्या.

‘मंग निंगलेच काहून जी?’

म्हटलं, विचार करून सांगतो. तो गेला त्याच्या पाण्यावर.