‘हो’ म्हणणारा मुलगा

आमचे घर ख्रिस्ती, आणि धंदा कोरडवाहू शेतीचा. आताच्या अहिल्यानगर, तेव्हाच्या नगर जिल्ह्यात आमची थोडी जमीन होती. रात्री जेवणे झाली की वडील कंदिलाच्या उजेडात शुभवर्तमान वाचत. मग प्रार्थना होई.

त्यांचा आवडता भाग मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातला. एक बाप आपल्या दोन मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक मुलगा तोंडावर नाही म्हणतो, पण मागून पस्तावून जातो. दुसरा ‘हो’ म्हणतो आणि जातच नाही. बापाचे ऐकले कोणी, असे प्रभू येशू विचारतो. इथे वडील माझ्याकडे बघून हसत. गुरांना पाणी दाखवायला सांगितले की ‘हो बाबा’ म्हणून खेळायला पळणारा मीच!

पुढे बी.एस्सी. ॲग्री. होऊन मी कृषी विस्तार अधिकारी झालो. रविवारची उपासना कधी चुकवली नाही. पण २०११ च्या मे महिन्यात मी पुन्हा तोच मुलगा ठरलो.

माती परीक्षणाचे उद्दिष्ट पुरे करायचे होते. नमुना कसा घ्यावा हे सभांतून मीच सांगत असे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यावेत. बांध, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची जागा टाळावी. सगळी माती नीट मिसळून त्यातली अर्धा किलो ठेवावी. त्या दिवशी मात्र ऊन मी म्हणत होते. मी रस्त्यालगतच्या एकाच शेतातली माती चार पिशव्यांत भरली आणि चौघांची नावे घातली.

त्यांतले एक नाव एका विधवा बाईंचे होते. जूनमध्ये त्या अहवालाचा कागद घेऊन आल्या.

“साहेब, यात लिहिलंय तेवढं खत आणते. सासूबाईंची बोरमाळ गहाण ठेवायचीय. तुम्ही प्रार्थना करणारी माणसं, खोटं लिहायचे नाहीत.”

मी नुसते ‘बरं’ म्हणालो. रात्री प्रार्थनेला बसलो, पण तोंडातून शब्द फुटेना.

सकाळी उठून त्यांच्या शेतावर गेलो. म्हणालो, “मावशी, तो कागद तुमच्या शेताचा नाही. मी इथं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग कुदळ पुढे करून म्हणाल्या, “आता तरी घ्या.”

चारही शेतांतले नमुने नव्याने घेतले. वरिष्ठांना खरे ते लिहून दिले. बोलणी खाल्ली, ती रास्तच होती. नवा अहवाल पेरणीआधी आला नाही. बाईंनी घरच्या शेणखतावर पेरले. बोरमाळ वाचली, पीक मात्र बेताचेच आले. माझ्या कबुलीने त्यांचा तो हंगाम काही भरून निघाला नाही.

वाचकहो, देवाची आज्ञा म्हणजे फार मोठे काही असते असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, पिशवीवर ज्याचे नाव, त्याच्याच शेतातली माती आत असावी, एवढीच ती असते. दूध घालताना, माप करताना, मजुराचा हिशेब देताना तीच आज्ञा आपल्यापुढे उभी राहते.

‘नाही’ म्हटलेला मुलगा उशिरा का होईना, मळ्यात गेला. ‘हो’ म्हणून चुकलेल्यालाही ती वाट मोकळीच आहे. पण तिथे पायांनी जावे लागते.