दारापुढील रस्त्याचा वांटा

घराची किंमत विचारणारे पुष्कळ भेटतात. घरापुढील रस्त्याची किंमत विचारणारा क्वचितच भेटतो. ज्यांच्या दारीं पक्का रस्ता आणि कुंपणाबाहेर मलवाहिनी आयतीच आलेली असते, त्यांस ती कोणीं तरी पैसे मोजून आणलेली वस्तु आहे याची आठवणहि राहत नाहीं. पण नागपुरांत मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या बाजूंस ज्यांनीं गेल्या तीसचाळीस वर्षांत घरें बांधलीं, त्यांची गोष्ट वेगळी. लेआउट, डिमांड, आर. एल. हे शब्द तेथील शाळकरी मुलांच्याहि तोंडीं आहेत; आणि मलवाहिनीला आमच्याकडे 'गडरलाइन' म्हणतात, तो शब्द तर जेवणाच्या पंगतींतहि निघतो. आमच्या आजीच्या कानीं तो पडता तर तिनें पानावरून उठून पुन्हा स्नान केलें असतें.

नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानें जन्मास आला, तेव्हांची कल्पना सरळ होती. जमीन घ्यावी, तिच्यावर आधीं रस्ते, नाल्या व दिवे करावे आणि मग प्लॉट द्यावे. म्हणजे सोयींचा खर्च प्लॉटाच्या किंमतींतच मुरून जातो. सुधारणेमुळें ज्यांच्या जमिनीचें मोल वाढलें त्यांजकडून त्या वाढीचा कांहीं अंश घेण्याचीहि सोय त्या कायद्यांत होती. शहर फोफावलें तसा हा क्रम उलटा झाला. कोणीं तरी शेत घ्यावें, कागदावर तीस फुटांचे रस्ते आंखावे, जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढाव्या, प्लॉट विकून मोकळें व्हावें, आणि रस्ता घेणाऱ्याच्या नशिबावर सोडावा! असे लेआउट इतके झाले कीं, ५७२ आणि १९०० हे दोन आंकडे नागपुरांत नुसते आंकडे राहिले नाहींत. 'तुमचा लेआउट ५७२ मधला कीं १९०० मधला?' हा प्रश्न सोयरीक जुळवितांना गोत्र विचारावें इतक्या गांभीर्यानें विचारला जातो. पुढें २००१ सालीं महाराष्ट्रांत गुंठेवारीचा कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वींचे असे तुकडे तडजोड शुल्क व विकास शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट त्यानें मोकळी केली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली.

आमच्या ती. वडिलांनीं घेतलेला दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट अशाच एका लेआउटांतला. जमीन काळी. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या पहिल्या दोन सरींत ती अशी फुगते व चिकटते कीं, पायांतली वहाण मागें राहते आणि पाय पुढें जातो. त्या मातींत पाणी मुरत नाहीं. म्हणून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांवर भिस्त ठेवणाऱ्यास श्रावणांत काय भोगावें लागतें, तें येथें लिहवत नाहीं. रस्त्यासाठीं आम्ही रहिवासी दरसाल वर्गणी काढून मुरुमाच्या गाड्या टाकीत असूं. घरटीं सारखी वर्गणी. रिकाम्या प्लॉटांचे मालक वर्गणीच्या दिवसांत कधीं सांपडले नाहींत. प्लॉट विकावयाच्या दिवसांत मात्र ते आमच्याच मुरुमावरून गिऱ्हाईक घेऊन येत.

मुरुमाचा हा न्याय गडरलाइनीस लागू पडत नाहीं, आणि येथेंच सर्व प्रश्नाची मेख आहे. रस्ता तुकड्यातुकड्यानें होऊं शकतो. आज माझ्या दारापर्यंत, उद्यां तुमच्या. मलवाहिनी ही उतारानें वाहणारी वस्तु. मळ तळाशीं सांचूं नये म्हणून पाण्यास सेकंदास सुमारें दोन फूट तरी वेग हवा. त्यासाठीं नळास उतार हवा. आणि उतार राखीत गेलें म्हणजे खालच्या टोकाचा खड्डा वरच्याहून खोल होत जातो. वरच्या घरवाल्याचा नळ उथळ व स्वस्त, खालच्याचा खोल व महाग. परंतु खालचा नळ झाला नाहीं तर वरच्याचें पाणी जाईल कोठें? तेव्हां 'माझ्या दारापुरता खर्च मी देतों' हें बोलणें दिसावयास सरळ असलें तरी अन्यायाचें आहे.

विकास शुल्काची मागणी आली तेव्हां आमच्या येथें सभा भरली. कोणी म्हणाले, घरटीं भाग पाडा. कोणी म्हणाले, रस्त्याकडील रुंदीवर पाडा. हिशेबासाठीं आपण असें समजूं कीं, चाळीस प्लॉट आहेत, प्रत्येक तीस बाय पन्नास फुटांचा; घरें बाविसांवरच झालीं आहेत, आणि खर्च छत्तीस लाख रुपये. घरटीं भाग पाडले तर प्रत्येकास १,६३,६३६ रुपये पडतात, आणि अठरा रिकाम्या प्लॉटांचे धनी फुकट श्रीमंत होतात. क्षेत्रफळावर पाडले तर चौरस फुटास साठ रुपये, म्हणजे प्रत्येक प्लॉटास नव्वद हजार. रुंदीवर पाडावे तर मधल्याची रुंदी तीस फूट आणि कोपऱ्यावरच्याची दोन्ही बाजू मिळून ऐंशी. त्या बिचाऱ्यानें काय सगळ्या लेआउटाचें कन्यादान करावें?

हा वाद आमच्याच लेआउटांत निघाला असें नव्हे. प्रशियांत १८७५ च्या कायद्यानें नव्या रस्त्यावर घर बांधणारांकडून त्या रस्त्याचा खर्च घेण्यास मुभा दिली. मात्र मालकाकडून रस्त्याच्या निम्म्या रुंदीपुरताच, आणि तोहि तेरा मीटरपर्यंतच घ्यावा, अशी मर्यादा घातली. आजच्या जर्मन कायद्यांत नगरपालिकेनें निदान शेंकडा दहा भाग स्वतः सोसावा असें आहे, आणि उरलेला भाग वांटण्याच्या तीन कसोट्या दिल्या आहेत: प्लॉटाचें क्षेत्रफळ, रस्त्याकडील रुंदी, आणि बांधकामाचा प्रकार व प्रमाण. आपल्याकडेहि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यांत, नगररचना योजनेंतील अंशदान जमिनीच्या मूल्यवृद्धीच्या निम्म्याहून अधिक नसावें, असें बंधन आहे.

आमच्या मतें क्षेत्रफळ हीच कसोटी रस्त्यापुरती खरी, कारण रस्त्यानें मोल वाढतें तें जमिनीचें, मग तीवर घर असो वा बाभळी असोत. गडरलाइनीचें मात्र तसें नाहीं. शेजारच्या दुहेरी प्लॉटावर आठ बिऱ्हाडांची फ्लॅट स्कीम उभी राहिली, तर तिचें पाणी आठ बिऱ्हाडांचें. तेथें बांधकामाचें क्षेत्र धरावें. आणि गल्लीबाहेरची मोठी वाहिनी शहरानें सोसावी. कां, तर गल्लींतलें सांडपाणी गल्लीचें राहत नाहीं. नागपूरच्या सांडपाण्याचा बराचसा भाग भांडेवाडीच्या केंद्रांत शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्रास जातो, आणि त्याचें मोल महापालिकेस मिळतें. आम्ही टाकून दिलेली वस्तु विकून ज्यास पैसा मिळतो, त्यानें ती वाहून नेण्याचा खर्चहि पाहावा, इतकेंच आमचें म्हणणें. मागणी भरणारानें आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: आपल्या लेआउटाचा जमाखर्च वेगळा. आपल्या पैशानें दुसऱ्याच भागांत खडी पडली तर ती परोपकारांत जमा होईल खरी, पण चिखल आपल्याच दारीं राहील.

सभेंतला वाद मिटला. घरांतला त्याहून अवघड निघाला. मागणी वडिलांच्या नांवें आलेली. ते व मातोश्री दोघेंहि निवर्तलीं असून मृत्युपत्र नाहीं. आम्ही तिघे बंधु व दोघी भगिनी. १९५६ च्या वारसा कायद्यानें पांच समान वांटे. त्या घरांत राहतों आम्ही. दादांनीं पुण्याहून लिहिलें, "रस्ता तुझ्या दारांत, नळ तुझ्या मोरीचा, माझा त्यांत काय संबंध?" गडरलाइनीपुरतें त्यांचें म्हणणें आम्हांस पटलें, व तो भाग आम्हीं एकट्यानें उचलला. रस्त्याचें तसें नव्हे. उद्यां घर विकलें तर रस्त्यानें वाढलेलें मोल पांचांचें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत धरणबंधाऱ्यासारख्या सामाईक कामाचा नियम सांगितला आहे: जो अंग काढून घेईल त्याचे गडी व बैल कामास लावावे, खर्चाचा भागहि त्यानें द्यावा, आणि फळांत मात्र त्यास वांटा नसावा. तो आम्हीं दादांस कळविला. त्यांचें उत्तर आलें नाहीं, पैसे आले.

खरी अडचण भगिनींची. दादा व धाकटे बंधु दोघांचेंहि मत पडलें कीं, लेकींकडून पैसे मागणें शोभत नाहीं. हें वाक्य आपल्या घरांतून फार गोड स्वरांत बोललें जातें, आणि त्याच स्वरांत पुढें कधीं तरी दुसरें वाक्य येतें, 'खर्च आम्हीं केला, आतां तुम्हीं हक्कसोडपत्रावर सही करा.' खर्चाचा वांटा मागितला म्हणजे हक्काचा वांटा कबूल केला जातो. न मागण्यांतला मोठेपणा पुष्कळदां या कबुलीपासून पळ काढण्यासाठींच असतो. म्हणून आम्हीं पांचांनाहि एकसारखें पत्र घातलें. वहिनींना तें आवडलें नाहीं, असें कानांवर आलें.

इंदूरच्या धाकटीनें दोन हप्त्यांत देतें म्हणून कळविलें. अमरावतीच्या ताईनें रक्कम आठ दिवसांत पाठविली, आणि खालीं एक ओळ लिहिली कीं, पावतीची नक्कल पाठवावी व आखीव पत्रिकेवर पांचहि नांवें चढलीं आहेत कीं नाहींत तें कळवावें. नांवें चढलीं नव्हतीं. अर्ज आम्हीं त्याच आठवड्यांत दिला आहे.