रुमालाखालचा भाव

नांदूरघाटात सकाळी उठल्यावर लोक आधी आभाळाकडं बघतात. मी मोबाइलकडं बघतो. परवा चार डॉलर दहा सेंट पडले होते, काल एक डॉलर बासष्ट. वाचक परवा अकराशे, काल अकराशे चाळीस. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं आणि गल्ला निम्म्याच्याही खाली आला. असं का, हे त्या पडद्यावर कुठंच लिहिलेलं नसतं.

"किती पडले?" आबा रोज विचारतात. पावसाचं विचारतात त्याच सुरात.

माझी वेबसाइट छोटी. पीकविम्याच्या मुदती, सोयाबीन-तुरीचे भाव, सरकारी योजनांचे कागद, असा मजकूर. जाहिराती एक परदेशी कंपनी लावते. तिच्या भाषांच्या यादीत मराठी आली ती २०१८ मध्ये. कमाई दहा डॉलरवर गेली की पत्ता खरा आहे का ते तपासायला ती टपालानं सहा आकडी क्रमांक पाठवते. माझं पाकीट तीन आठवड्यांनी आलं. पोस्टमननं दारात उभं राहून ते उलटंपालटं करून पाहिलं, "बाहेरच्या देशाचं दिसतंय," म्हणाला आणि आत काय आहे ते कळेपर्यंत हलला नाही. आत आकडा होता. कंपनीनं मला आजवर पाठवलेला कागद तेवढा एकच. त्यानंतर शंभर डॉलर साठायला मला कधी दीड महिना लागला, कधी चार. शंभर झाल्याशिवाय पैसे खात्यावर येत नाहीत.

काही चढउतार आता ओळखीचे झालेत. दिवाळीच्या आधी जाहिरातदारांच्या थैल्या सैल होतात, तेव्हा आकडा फुगतो. पितृपक्षात खरेदी थंड, जाहिरातही थंड. जानेवारीत नव्या वर्षाचं बजेट हलायला वेळ लागतो, तेव्हा सगळीकडंच मंदी असते. २०२० च्या टाळेबंदीत वाचक दुप्पट झाले, पण दुकानंच बंद म्हटल्यावर जाहिरात कोण देणार? दसऱ्यानंतर आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. वाचणारा तोच, हातातला मोबाइल तोच, फक्त तो आता कारखान्याजवळच्या कोपीत बसून वाचतो. जाहिरातदार जागा बघून बोली लावतो, त्यामुळं एवढ्यानंही फरक पडत असेल. पण पडतो का, किती पडतो, हे मला सांगणारं कोणी नाही. आणि परवाच्या चार डॉलरचे काल दीड झाले, त्याला यातलं एकही कारण लागू नव्हतं.

खरं तर प्रत्येक वेळी हर्रास होते. वाचकानं पान उघडलं की ते दिसेपर्यंतच्या क्षणभरात त्या रिकाम्या चौकटीसाठी बोली लागते. यंत्रं यंत्रांशी बोलतात, सौदा तुटतो, जाहिरात लागते. बोली किती जणांनी लावली, सर्वांत मोठी कितीची होती, मधल्यानं किती ठेवले, हे माल ज्याचा त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती 'अंदाजे कमाई'. महिनाअखेरीला त्यातूनही काही क्लिक अवैध ठरवून रक्कम कापली जाते. कोणते क्लिक, कुणाचे, ते सांगत नाहीत. धान्याच्या मोंढ्यात याला कडता म्हणतात.

हे सगळं आबांना समजावून सांगितलं, तेव्हा ते हसले. खांद्यावरचा पंचा काढला, माझा उजवा हात हातात घेतला आणि वरून पंचा टाकला. आत त्यांनी माझी दोन बोटं धरून दाबली. मग चार. मग पुन्हा एक. त्यांचा हात बाभळीच्या सालीसारखा, त्यामुळं दाबलेलं चांगलं कळत होतं. पण त्या एका बोटाचा अर्थ एक, दहा की शंभर, ते कळेना.

"असा भाव व्हायचा," आबा म्हणाले. "माझ्या आज्याच्या टायमाला. आडत्या आन् खरेदीदार रुमालाखाली बोटं दाबायचे. मालाचा धनी बाजूला हुबा. त्याला शेवटी सांगायचे, यवढ्याला गेला. जनावराच्या बाजारात आजबी दिसंल तुला."

बैलबाजारात मी ते पाहिलं आहे. तिथं निदान रुमालाखाली विकणाऱ्याचा नाहीतर त्याच्या दलालाचा हात असतो. माझा हात तर पंच्याच्या बाहेरच राहिला.

धान्याच्या बाजारातला रुमाल आपोआप गेला नाही. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेतीविषयक शाही आयोगानं १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली. आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता; तिथं १९३० मध्ये बाजाराचा कायदा झाला. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. मोंढ्यातले घोटाळे त्यानं संपले असं म्हणणाऱ्याला मी केजला घेऊन जायला तयार आहे. पण भाव ओरडून बोलायचा आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी द्यायची, एवढं तरी ठरून गेलं. पट्टी चुकीची असली तर ती घेऊन भांडता येतं. आबा भांडलेले आहेत, आणि एकदा तर हमालीचे साठ रुपये परत घेऊन आले. साठ रुपयांचं त्यांना काही नव्हतं. गाडीभाडंच त्याहून जास्त झालं होतं.

माझ्याकडं भांडायला कागदच नाही. मदतीच्या पानावर प्रश्न टाकला की 'कमाईत चढउतार होणे स्वाभाविक आहे' अशा अर्थाचं उत्तर येतं. चढउतार होतात हे दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला नव्यानं सांगायची गरज नाही. पाऊस का पडला नाही याचा जाब आम्ही कुणाला विचारत नाही. पण जिथं माणसं, पैसे आणि मधला दलाल आहे, तो बाजार आहे. त्याला हवामान कसं म्हणायचं? डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला. ती तक्रार मोठ्यांची. गावोगावी मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांचं मागणं त्याहून साधं आहे.

भाव वाढवून द्या असं मी म्हणत नाही. महिन्याला एक पट्टी द्या. बोली किती लागल्या, सौदा कितीला तुटला, मधल्यानं किती घेतले, कडता किती आणि कशाचा. मराठीतच हवी असंही नाही. आबांना मी वाचून दाखवीन.