फोंतेनब्लोचा ओक, आलापल्लीचा साग

रूसो या आडनावाची तीन माणसे फ्रेंच भाषेने जगाला दिली. पहिला तत्त्वज्ञ, ज्याचे ग्रंथ आपल्याकडील जुन्या नगर वाचनालयांतूनही, धूळ खात का होईना, पण सापडतात. दुसरा पॅरिसच्या जकात नाक्यावरील एक कारकून, ज्याने फ्रान्सची सीमा कधी न ओलांडता, वनस्पती-उद्यानाच्या काचघरातील पानांच्या भरवशावर वाघांनी गजबजलेली अरण्ये रंगवली. आणि तिसरा, कालानुक्रमाने या दोघांच्या मधला, तेओदोर रूसो, ज्याच्या चित्रांत वाघ नाही, सिंह नाही, माणूस असलाच तर तिळाएवढा, आणि तरीही ज्याच्यासमोर उभे राहिल्यावर जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, हयात घातलेल्या मनुष्याला आपल्या रानाची ओळख पटावी. माझा विषय हा तिसरा रूसो आहे. वाघांचा रूसो अधिक लोकप्रिय आहे हे मला मान्य आहे. ताडोब्याच्या फाटकापाशी पहाटे उभ्या राहणाऱ्या जिप्सी गाड्यांची रांग पाहिली म्हणजे त्याचे कारणही उमगते.

तेओदोर 1812 साली पॅरिसमध्ये एका शिंप्याच्या घरी जन्मला. त्या काळी फ्रेंच कलाअकादमीच्या दृष्टीने निव्वळ वृक्ष हा चित्राचा विषयच नव्हता. वृक्षाखाली एखादी ग्रीक देवता, एखादा रोमन वीर, निदान एखादे भग्न मंदिर तरी असावे लागे, तेव्हा कुठे त्या निसर्गाला दरबारी प्रदर्शनात दाखल होण्याची परवानगी मिळे. रूसोने ही सनद मागितली नाही. 1836 पासून 1841 पर्यंत परीक्षक मंडळाने त्याची चित्रे इतक्या नेमाने परत पाठवली, की 'थोर नाकारलेला' हे बिरुद त्याला कायमचे चिकटले आणि पुढे त्याने चित्रे धाडणेच सोडून दिले. 1848 च्या राज्यक्रांतीने राजा गेला, त्याबरोबर ते परीक्षक मंडळही गेले, आणि ज्याला काल दारात उभे करीत नव्हते त्याला नव्या सरकारने चित्र काढून देण्याची विनंती केली. एव्हाना तो पॅरिसच्या दक्षिणेस सुमारे 60 किलोमीटरांवर, फोंतेनब्लोच्या राजअरण्याला लागून असलेल्या बार्बिझों नावाच्या खेड्यात जाऊन राहिला होता. झां फ्रांस्वा मिले हा शेतकऱ्यांचा चित्रकार लवकरच त्याचा शेजारी झाला, आणि 1867 च्या डिसेंबरात रूसो वारला तेव्हा त्याच्या उशाशी हा शेजारीच होता.

सरकारने मागितलेले ते चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे: फोंतेनब्लोच्या अरण्याचे बाहेर पडण्याचे मुख, वेळ सूर्यास्ताची. पट चांगला पुरुषभर रुंद. पाहणारा उभा आहे तो रानाच्या आत, अंधारात. दोहों बाजूंचे ओक वृक्ष माथ्यावर एकमेकांत फांद्या गुंतवून एक ओबडधोबड कमान रचतात, आणि त्या कमानीतून पलीकडचे मोकळे माळरान, पाण्याशी आलेली गुरे आणि क्षितिजाला टेकलेला सूर्य दिसतो. एरवी चित्रकार आपल्याला माळावर उभे करून रान दाखवतात. हा रानात उभे करून माळ दाखवतो. एवढ्या एका स्थलांतराने सगळा हिशेब उलटतो, कारण आता अरण्य ही दृश्याची मागची बाजू उरत नाही, ते पाहणाऱ्याचे घर होते आणि माळ, गाव, राजधानी हे सगळे बाहेरचे मुलूख ठरतात. आष्टीचा पूल ओलांडून वैनगंगा मागे टाकली आणि आलापल्लीच्या रस्त्याला लागले म्हणजे ज्यांना असे वाटते की आता आपण आत आलो, त्यांना या चित्राचे निराळे विवरण करून सांगावे लागणार नाही.

त्याच्या रंगकर्मात दोष नव्हते असे नाही. ऊबदार तपकिरी छटेच्या मोहाने तो डांबरी रंग सढळ हाताने वापरी. हा रंग धड वाळत नाही, कालांतराने काळवंडतो आणि भेगाळतो, आणि जुरा पर्वतावरून उतरणाऱ्या गुरांचे त्याचे एक भव्य चित्र या व्यसनापायी जवळजवळ नासले. शिवाय चित्र पुरे झाले असे त्याला सहसा वाटतच नसे. पानामागून पान, फांदीमागून फांदी तो रंगवीत राही, पुसत राही, पुन्हा रंगवीत राही. समकालीनांनी याला हट्ट म्हटले. मला तो हट्ट वाटत नाही. ज्याने एकेका वृक्षाला एकेक व्यक्ती मानले, त्याला त्या व्यक्तीचे चरित्र चार फटकाऱ्यांत आटोपणे अशिष्टपणाचे वाटले असणार.

परंतु त्याचे जे चित्र मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते, ते त्याने 1847 साली आरंभले आणि अपुरेच ठेवले. हेग शहरी मेस्दाग या चित्रकाराच्या संग्रहात ते आहे. विषय साधा: रानात वृक्षतोड चालली आहे, काही वृक्ष आडवे झाले आहेत, आणि लाकूडतोडे दोर लावून आणखी एक वृक्ष खाली ओढीत आहेत. या चित्राला त्याने नाव दिले 'निष्पापांची कत्तल'. ख्रिस्ती पुराणात बेथलेहेमची अर्भके कापून काढण्याचा हुकूम हेरोद राजाने दिला होता, त्या घटनेचे हे नाव. युरोपातील चित्रकार शतकानुशतके या नावाखाली आया, तान्ही मुले आणि तलवारी रंगवीत आले होते. रूसोने मुलांच्या जागी झाडे घातली. निव्वळ वृक्ष हा चित्राचा विषय नव्हे म्हणणाऱ्या अकादमीला याहून कडवे उत्तर कोणते देणार?

आणि हा मनुष्य केवळ रंगवून थांबला नाही. 1852 साली, आपला मित्र व पुढे चरित्रकार झालेला आल्फ्रेद सांसिए याच्या साहाय्याने अर्जाचा मसुदा करून, त्याने लुई नेपोलियनच्या सरकारदरबारी दाद मागितली, की फोंतेनब्लोतील पुरातन वृक्ष चित्रकारांचे गुरू आहेत, सबब त्यांवर कुऱ्हाड चालू नये. आश्चर्य असे की दरबाराने ऐकले. 1853 साली 624 हेक्टर रान तोडीतून वगळले गेले, आणि 1861 च्या बादशाही फर्मानाने हे क्षेत्र हजार हेक्टरांच्या पुढे नेऊन त्यावर 'कलाक्षेत्र' अशी मोहोर उमटवली. अमेरिकेत यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान व्हायला अजून अकरा वर्षे होती. अरण्य हे लाकूड, शिकार किंवा महसूल यांखातर नव्हे, तर ते सुंदर आहे एवढ्यासाठी राखावे, ही गोष्ट एखाद्या सरकारने कागदावर उतरवण्याची बहुधा ही पहिलीच वेळ.

1853 हे साल आपण जरा निरखून पाहावे. त्याच वर्षाच्या एप्रिलात मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, जिच्या पुढच्या विस्ताराने स्लीपरांपायी देशभरची राने खाल्ली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, आणि त्यासोबत चांद्याचा मुलूख, त्यातल्या सागासकट, कंपनी सरकारच्या दफ्तरी जमा झाला. योगायोग इथेच संपत नाही. रूसो ज्या फ्रेंच वनखात्याशी जन्मभर भांडला, जे खाते जुने ओक काढून तिथे सरळसोट पाइन लावू पाहत होते, त्याच खात्याच्या नान्सी येथील विद्यालयात 1867 पासून पुढे सुमारे दोन दशके हिंदुस्थानच्या वनखात्यासाठी निवडलेले तरुण साहेब शिक्षण घेत होते. म्हणजे ज्या वर्षी रूसोने डोळे मिटले, त्याच वर्षी त्याच्या प्रतिपक्षाची शाळा आपल्या रानांसाठी सुरू झाली. कूप आखणे, आवर्तन ठरवणे, उभ्या झाडावर हातोड्याचा शिक्का मारून त्याची घनफुटात किंमत लिहिणे ही विद्या आपल्याकडे आली. ती विद्या वाईट नव्हती. तिच्याविना ठेकेदारांनी चार उन्हाळ्यांत रान संपवले असते. पण ती एकटीच आली, रूसो तिच्यासोबत आला नाही.

तो आला नाही असे म्हणताना आलापल्लीचा अपवाद केला पाहिजे. तिथे 1953 पासून, म्हणजे फोंतेनब्लोच्या बरोबर शंभर वर्षांनंतर, नैसर्गिक वनाचा एक तुकडा तोडीविना राखून ठेवलेला आहे. क्षेत्र अवघे 6 हेक्टर, नाव 'वनवैभव', आणि 2014 साली त्याला राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करण्यात आले. तिथला साग वर मान करून पाहावा लागतो. त्याच्या भोवती मगरीच्या पाठीची साल ल्यालेला ऐन, फिकट अंगाचा धावडा, बिजा, तेंदू असा सरंजाम. याच मुलखाचा साग बल्लारपूरच्या डेपोतून देशभर गेला. 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही इथूनच लाकूड रवाना झाले, तेव्हा वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. लाकडाची मिरवणूक आपण काढतो. उभ्या झाडाची काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अर्थात या मुलखात रान जमिनीवर आहे तसेच जमिनीखालीही आहे, कारण चंद्रपूरचा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्याचे शव, आणि ते तर आम्ही रोज जाळतो.

मात्र रूसोची बाजू घेताना एका ठिकाणी माझी लेखणी अडते. त्याच्या चित्रांतून कधी काटक्या वेचणारी एखादी बाई दिसते, तिळाएवढी. फोंतेनब्लोतील गोरगरिबांचे सरपण त्या रानातूनच जाई. रूसोच्या अर्जात वृक्षांची कैफियत होती, हिची नव्हती. तिच्याकडे पाहिले ते शेजारच्या मिलेने, ज्याने मोळीवाल्या म्हाताऱ्याला अग्रभागी आणून मृत्यूच्या शेजारी उभे केले. आपल्याकडे सरकारी राखीव जंगलाची रेघ ओढली गेली तेव्हाही असेच झाले: साग नोंदला गेला, गोंड-माडिया माणसाचा निस्तार, म्हणजे रानातून गरजेपुरते घेण्याची वहिवाट, मात्र मेहेरबानीच्या रकान्यात पडला. तो हक्काच्या रकान्यात यायला 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि 2009 साली धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने सुमारे 1,800 हेक्टर रानावरील आपला सामूहिक हक्क कागदोपत्री मिळवला. ते रान गावाच्या ताब्यात गेल्याने उजाड झाले नाही. रूसोच्या कलाक्षेत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा दाखला मला महत्त्वाचा वाटतो.

मराठी गद्याने विदर्भाच्या रानाचे ऋण मान्य केले आहे. मारुती चितमपल्लींनी त्यासाठी अवघे आयुष्य वेचले, आणि व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला गेले ते रेखाटनाची वही घेऊनच गेले. मराठी चित्रकलेचे तसे नाही. आबालाल रहिमानांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थाचा काठ रंगवून अमर केला. त्यांच्या मागून आलेल्या निष्णात जलरंगकारांनी नाशिकचे घाट, वाड्यांचे दिंडीदरवाजे, बाजारातली उन्हे रंगवली. चांद्याचे रान रेल्वेच्या वाटेवर असूनही त्यांच्या वाटेवर आले नाही, आणि कॅमेरा आला तो वाघाच्या मागे आला. 1955 साली राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या ताडोब्यात आज सालईपाशी गाडी थांबवा म्हणणाऱ्याकडे बरोबरचे प्रवासी दयेने पाहतात.

म्हणून ज्यांच्या हाती कुंचला आहे त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एक उन्हाळा आलापल्ली, अहेरी, भामरागड या मुलखात काढावा. मार्च महिन्यात जावे, साग निष्पर्ण आणि पळस पेटलेला असताना. डांबरी तपकिरी रंग घरी ठेवावा, आपले ऊन तो सहन करणार नाही. एका झाडासमोर बसावे आणि रूसोइतका वेळ घ्यावा. आणि पहाटे मोहाखाली टोपली घेऊन फुले वेचणारी बाई दिसेल, तिला चित्रातून वगळू नये, तिळाएवढी तर मुळीच काढू नये.