ज्ञापन घेऊन जाणारा माणूस

पुढाऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. वडील तुमसरकडून मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, उकव्याला खदानीच्या कामावर आले. हक्काचं असेल ते कागदानं मागावं, कुणाच्या चिठ्ठीनं नाही, असं ते सांगत. मी शाळामास्तर झालो आणि वर्गातल्या पोरांनाही हेच शिकवलं. आमदार-खासदारांनी कायदे करावेत, अर्थसंकल्पावर बोलावं. लोकांचे अर्ज काखोटीला मारून कलेक्टोरेटच्या पायऱ्या चढणं, धरणं धरणं, रस्ता अडवणं हे त्यांचं कामच नव्हे, असं माझं पक्कं मत होतं. ते आता राहिलेलं नाही. का राहिलं नाही ते लिहून ठेवतो आहे, कारण पुष्कळ शिकलेली, सरळमार्गी माणसं अजून तसंच मानतात आणि त्याची किंमत आमच्यासारखी आडबाजूची गावं मोजतात.

२०१० साली मध्य प्रदेशात लोकसेवा गॅरंटी कायदा आला. देशातला असा पहिलाच. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर जबाबदार माणसाला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड. महाराष्ट्राला असा कायदा करायला २०१५ उजाडलं. इकडे दर मंगळवारची जनसुनवाई होतीच, पुढे १८१ क्रमांकाची सीएम हेल्पलाइनही सुरू झाली. मला मनापासून वाटलं, की आता मधल्या माणसाची गरज संपली. संध्याकाळी ओसरीवर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देऊ लागलो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जमिनीच्या कागदांची नक्कल. ही कामं होत होती, वेळेत होत होती. त्याचं श्रेय कायद्याला द्यायलाच हवं, ते मी आजही देतो.

गाडं अडलं ते धानाशी. बालाघाट हा धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकरी सरकारी खरेदी केंद्रावर आधारभूत भावानं धान देतो, केंद्र पावती देतं, ट्रक गोदामात जातो. गोदामानं माल स्वीकारल्याची नोंद झाली, की मगच पैसे खात्यावर जमा होतात. शेजारच्या एका वहिनींचे पैसे आले नाहीत. नवरा गेलेला, पोरगी कॉलेजात. मी हेल्पलाइनवर तक्रार टाकली. काही दिवसांनी मोबाइलवर संदेश आला, की संबंधित विभागाला कळवलं आहे आणि तक्रार बंद केली आहे. पुन्हा टाकली, पुन्हा बंद. प्रत्येक संदेश वाचून घ्यायला त्या फोन घेऊन ओसरीवर येत. एकदा म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही एवढं चांगलं लिहून देता, मग अडते कुठं जी?"

त्या सुमारास एक लोकप्रतिनिधी गावात येऊन बसले होते. त्यांना मी कधी मत दिलं नव्हतं. वहिनी निघाल्या, म्हणून सोबत गेलो. त्यांनी पावती हातात घेतली, तारीख पाहिली आणि वहिनींना नाही, मला विचारलं, "असे आणखी किती आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतके अर्ज लिहिले, पण हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता.

मग यादी करायला बसलो. नाव, पावतीचा नंबर, केंद्रावर धान टाकल्याची तारीख, किती क्विंटल. घराघरांतून पावत्या आल्या. काही घामानं पुसट झालेल्या, काही पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेल्या. तारखा ओळीनं मांडल्या तेव्हा दिसलं, की अडलेल्या सगळ्या पावत्या त्याच दोन-तीन दिवसांच्या आहेत. म्हणजे अडचण वहिनींच्या खात्यात नव्हती. त्या दिवसांचा माल केंद्र आणि गोदाम यांच्यामध्येच नोंदीविना राहिला होता. एकेकट्या तक्रारीला एकेकटं उत्तर मिळत होतं आणि दरवेळी ते कागदावर बरोबरच होतं. ती यादी जोडून ज्ञापन, म्हणजे लेखी निवेदन, तयार झालं. त्या लोकप्रतिनिधींसोबत बालाघाटला गेलो. ते कलेक्टोरेटच्या व्हरांड्यात बसले ते दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच मिळेपर्यंत. साहेब बाहेर गेलेत, उद्या या, असं सांगून झालं. ते उठले नाहीत. शिक्का पडलेली प्रत त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गुरुजी, ही जपा. पुढच्या वेळी इथूनच बोलायचं." पैसे आले. दोघातिघांचे खात्यातल्या नावाच्या घोळात आणखी लांबले, पण तेही आले.

या एका कामानं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर मी आमच्या गावाकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. उकव्याच्या जमिनीखाली मँगनीज आहे आणि ते काढणाऱ्या मॉयल या केंद्र सरकारच्या कंपनीचं मुख्यालय नागपूरला. राजधानी भोपाळ. हायकोर्ट जबलपूर. बरीच वर्षं मोठ्या दुखण्याला माणूस गोंदिया किंवा नागपूर गाठत आला आहे. १९५६ आधी हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला सीमा आखल्या गेल्या, नातीगोती आणि बोली तिकडे राहिल्या आणि सरकार इकडे गेलं. आमच्याविषयी निर्णय घेणारी प्रत्येक खुर्ची गांगुलपाऱ्याच्या घाटापलीकडे आहे. कलेक्टर येतात, बदलून जातात. खदानीचे अधिकारी बदलून जातात. मत मागायला ज्याला पुन्हा याच बाजारात उभं राहायचं असतं, असा माणूस एकच. अर्ज घेऊन फिरण्याला मी हलकं काम समजत होतो. ते काम नसेल, तर इथलं म्हणणं घाट उतरतच नाही.

रेल्वेचं पाहा. गोंदिया-बालाघाट-जबलपूर ही सातपुड्याची छोटी लाइन इंग्रजांच्या काळातली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ती मोठी करण्याला मंजुरी मिळाली १९९६-९७ च्या सुमारास. गोंदिया ते बालाघाट आधी झालं. पुढे जंगल लागलं, वन्यजीवांच्या परवानग्या लागल्या, पैसा तुटपुंजा येत राहिला आणि जबलपूरपर्यंतचा सलग मार्ग गाड्यांना खुला व्हायला २०२१ आलं. या काळात बालाघाटचे खासदार किती बदलले पाहा: विश्वेश्वर भगत, गौरीशंकर बिसेन, प्रल्हाद पटेल, पुन्हा बिसेन, के. डी. देशमुख, बोधसिंह भगत, ढालसिंह बिसेन. सगळे एका पक्षाचे नव्हते, काही एकमेकांचे वैरीसुद्धा. पण मागणी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. तेच तेच मागतात म्हणून मी पूर्वी वैतागायचो. तेच तेच मागणारा कुणी नसता, तर फाइल कुठल्या टेबलावर झोपली असती ते आता मला नीट कळतं.

लोकांत राहण्याची किंमत या जिल्ह्यानं पाहिली आहे. लिखीराम कावरे हे दिग्विजय सिंह सरकारात परिवहन मंत्री होते आणि मंत्री असूनही आपल्या सोनपुरी गावच्या घरी येऊन राहत. डिसेंबर १९९९ मध्ये नक्षलवाद्यांनी रात्री त्यांना घरातून बाहेर काढून मारलं. त्यानंतर कुठल्या पुढाऱ्यानं बंदूकधारी रक्षकांच्या कड्यातून बाहेर यायला नकार दिला असता, तर त्याला दोष देता आला नसता. तरी माणसं गावोगाव जात राहिली. याची जाण मला फार उशिरा आली, आणि ती येताना मान खाली गेली.

कंकर मुंजारे यांचं नाव घेतल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. १९८९ मध्ये ते बालाघाटातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. समाजवादी माणूस, रस्त्यावर उतरणारा. त्यांच्या सगळ्याच पद्धती मला पटतात असं नाही. आवाज चढतो, समोरचा अधिकारीही कुणाचा तरी बाप असतो हे विसरलं जातं. पण २०२४ च्या लोकसभेला ते बहुजन समाज पक्षाकडून उभे राहिले आणि पत्नी अनुभा मुंजारे काँग्रेसच्या आमदार होत्या, तेव्हा मतदान होईपर्यंत ते घर सोडून झोपडीत राहायला गेले. लोकांना संगनमताची शंका येऊ नये म्हणून. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी गंमत म्हणून छापली. मला त्यात गंमत दिसली नाही. मतदाराच्या मनातल्या शंकेला इतकं मोजणारा उमेदवार मी दुसरा पाहिला नाही. ते हरले, भारती पारधी निवडून आल्या.

एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही. म्हातारीच्या पेन्शनला चिठ्ठी लागू नये. चिठ्ठीनं रांग मोडते आणि ज्याची ओळख नाही तो मागे ढकलला जातो. जो पुढारी एकेकाला उपकाराखाली ठेवतो आणि यादी कधी करत नाही, त्याला मी आजही मत देणार नाही. वडिलांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरंच होतं. फक्त कागद कुणी न्यायचा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

सध्या मी दुसऱ्या एका यादीमागे आहे. २०१५ च्या खनिज कायद्यातल्या दुरुस्तीनं प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज न्यास आला. जुन्या पट्ट्याच्या खाणीनं रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी रक्कम त्यात भरायची आणि ती खाणीची झळ लागलेल्या गावांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शाळांवर खर्चायची. न्यासाच्या मंडळावर खासदार-आमदार बसतात. त्या पैशातून कुठल्या गावात काय झालं याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावा, एवढीच मागणी आहे. आजूबाजूच्या गावांतले मास्तर, आशाताई, बचतगटाच्या बायका सह्या करताहेत. बैगा आदिवासींच्या टोल्यांवरच्या सह्या आणि अंगठे अजून यायचेत. तिथं मी स्वतः जाणार आहे. ते झालं, की आमदारांच्या दारात जाऊन ज्ञापन देईन आणि ते बालाघाटला नेतील त्या दिवशी त्यांच्यासोबत व्हरांड्यात बसेन.